झोंबी नुसते रक्तपिपासू नाहीत



झोंबीपट म्हणजे नुसता रक्तमांसाचा चिखल, लंगडत येणाऱ्या मढ्यांना घाबरायचं काय, असा सूर गेल्या अंकातील पत्रात होता. तो पटला नाही.

जॉर्ज रोमेरो यांचा १९६८चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहावा. त्यातली प्रेतं संथ आहेत, हे खरं. पण ती थकत नाहीत आणि वाढतच जातात. ड्रॅक्युलाला निदान बोलता येतं. झोंबीशी तडजोड नाही की गयावया नाही. शिवाय तो बाहेरचा राक्षस नसतो. माणसं ज्या घरात लपतात, त्याच घराच्या तळघरातली आजारी मुलगी मरून उठते आणि जन्मदात्या आईलाच मारते. जिवंत माणसं मात्र लपायचं कुठे यावर भांडत बसतात. रात्रभर तग धरणारा नायक बेन सकाळी मरतो, तो झोंबी समजून माणसांनीच झाडलेल्या गोळीने.

मग असे चित्रपट पाहावेसे का वाटतात? याचं उत्तर १९७८च्या ‘डॉन ऑफ द डेड’मध्ये आहे. चौघं मॉलमध्ये आसरा घेतात. अख्खा बाजार फुकट, ना नोकरी ना हप्ते! जग बुडावं आणि आपण तेवढे उरावं, ही चोरटी इच्छा तिथे पुरी होते. बाहेरची मढीही जुन्या सवयीने त्याच मॉलकडे येतात, तेव्हा हसूही येतं आणि चपापायलाही होतं. आपल्याकडे ‘झोंबिवली’ने (२०२२) हाच साचा डोंबिवलीत आणून टॉवर आणि झोपडपट्टी यांतली दरी दाखवली.

किळस येते, हे मान्यच. पण किळसेपाशी थांबलं, तर अर्धा चित्रपट पाहायचा राहतो.

– एक वाचक, ठाणे