तासाला एक प्रश्न

जून आला की महाविद्यालयांत डिजिटल फळे बसतात, नावीन्यपूर्ण अध्यापनावर एक दिवसाची कार्यशाळा होते आणि तिचे फोटो नॅकच्या फाइलमध्ये जातात. तास सुरू झाले की मात्र प्राध्यापक पहिल्या दोन बाकांशी बोलतात आणि उरलेली तुकडी पोर्शन उतरवून घेते. फळा बदलला तरी तास तोच राहिला. म्हणून या अंकात आमचा आग्रह एवढाच आहे, की उपकरणांचा विचार नंतर करू. आधी प्रत्येक तासाला असा एक प्रश्न विचारू, ज्याचं उत्तर वर्गातल्या प्रत्येकाला द्यावं लागेल.

हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझुर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत घडवली. अवघड गणितं सोडवणारे त्यांचे विद्यार्थी बलाविषयीच्या साध्या प्रश्नांवर अडखळत होते. उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे द्यायचं की आम्हाला वाटतं तसं, असं एकीने त्यांना विचारलंसुद्धा. माझुरांनी मग तासाची रचनाच बदलली. पर्यायी उत्तरांचा प्रश्न द्यायचा, मिनिटभर कुणी बोलायचं नाही, मग सर्वांनी एकदम मत द्यायचं. साधारण ३० टक्क्यांहून कमी उत्तरं बरोबर आली तर मुद्दा पुन्हा शिकवायचा. ७० टक्क्यांच्या वर गेली तर पुढे जायचं. मधल्या पट्ट्यात मात्र प्राध्यापकांनी गप्प बसायचं. वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला प्रत्येकाने आपलं म्हणणं पटवायचं आणि मग पुन्हा मत घ्यायचं. यासाठी यंत्र लागत नाही. छातीशी धरलेली बोटं पुरतात. शेजाऱ्याला दिसत नाहीत, शिक्षकाला दिसतात.

खरी मेहनत आहे ती प्रश्न तयार करण्याची. ‘घसारा म्हणजे काय?’ या प्रश्नावर चर्चा होत नाही, पाठांतर होतं. त्याऐवजी असं विचारून पाहा: यंत्रावर ५०,००० रुपये घसारा दाखवला, तर त्या नोंदीने रोकड किती कमी झाली? सरळ रेषा पद्धतीने घसारा अचूक काढणारे कितीतरी विद्यार्थी ‘५०,०००’ म्हणतील. बरोबर उत्तर शून्य आहे, आणि ते शेजाऱ्याला पटवताना नफा आणि रोकड यांतला फरक त्यांचा त्यांनाच उलगडतो. इतिहासाच्या वर्गात विचारता येईल: १८९७चा ‘केसरी’चा अंक हे पुण्यातल्या प्लेगच्या अभ्यासासाठी प्राथमिक साधन आहे की दुय्यम? आपण त्या अंकाला काय विचारतो यावर ते ठरतं, हे वाद घातल्याशिवाय उमगत नाही. चुकीचे पर्याय मात्र कल्पनेने रचू नयेत. ते मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिकांत तयार मिळतात.

आपल्या तुकड्या मोठ्या असतात, हा आक्षेप खराच आहे. पण आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडलेला अभ्यास साडेचारशेच्या आसपास विद्यार्थी असलेल्या प्रोग्रामिंगच्या वर्गातला आहे. आधी एकट्याने विचार, मग जोडीत, मग सर्वांसमोर, अशी त्यांची पद्धत होती आणि सरासरी ८३ टक्के विद्यार्थी कामात गुंतलेले आढळले. तिथली मुलं निवडून आलेली असतात हे मान्य, तरी वर्गसंख्येची सबब त्यामुळे बरीच ढिली पडते. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांतल्या २२५ अभ्यासांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली.

इथे एक गोष्ट प्राचार्यांनी आवर्जून लक्षात घ्यावी. हार्वर्डमध्येच २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासात अशा कृतिशील वर्गातली मुलं चाचणीत अधिक शिकलेली आढळली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. रंगलेलं व्याख्यान ऐकताना सगळं समजल्यासारखं वाटतं. स्वतः झगडताना मात्र अज्ञान जाणवतं. म्हणजे जो प्राध्यापक हे धाडस करील, त्याचा फीडबॅक फॉर्म पहिल्या सत्रात घसरण्याची शक्यता आहे. त्या एका कागदावर त्याची किंमत ठरवली, तर तो पुढच्या सत्रात निमूटपणे नोट्स सांगू लागेल. ही पद्धत का वापरतो हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच समजावून सांगितलं तर त्यांची नाराजी कमी होते.

दुसरी अडचण पैशाची आहे. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला घेतलेल्या तासाचं मानधन मिळतं; चांगला प्रश्न घडवायला लागलेल्या वेळाचं मिळत नाही. त्यामुळे हा भार त्याच्या एकट्याच्या उत्साहावर सोडणं अन्यायाचं आहे. प्रत्येक विभागाने घटकनिहाय प्रश्नांची सामाईक वही ठेवावी, कायम प्राध्यापकांनी तिची सुरुवात करावी आणि प्रत्येक प्रश्नापुढे पहिल्या व दुसऱ्या मतदानाचे आकडे लिहावेत. कोणता प्रश्न ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे त्या आकड्यांवरूनच कळेल. अंतर्गत मूल्यमापनातही निदान काही गुण अशा प्रश्नांना हवेत. वर्गात वाद घालायला लावून परीक्षेत व्याख्याच विचारल्या, तर मुलं वाद सोडून व्याख्या पाठ करतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.