विश्लेषण : फोन बाहेर, प्रेक्षक आत! मास्टर्स गोल्फ स्पर्धेच्या परंपरा काय सांगतात?

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा नॅशनल क्लबवर दर एप्रिलमध्ये मास्टर्स स्पर्धा रंगते. बॉबी जोन्स आणि क्लिफर्ड रॉबर्ट्स यांनी १९३४ मध्ये ती सुरू केली. चार प्रमुख गोल्फ स्पर्धांपैकी दरवर्षी एकाच मैदानावर होणारी ही एकमेव स्पर्धा. तिच्या परंपरांचे कौतुक जगभर होते. पण त्या सगळ्याच कौतुकास्पद होत्या का?

हिरव्या कोटाचे महत्त्व काय?

क्लबचे सदस्य १९३७ पासून हिरवा कोट घालू लागले. विजेत्याला तो देण्याची प्रथा १९४९ मध्ये सॅम स्नीडपासून सुरू झाली. साधारणपणे आधीचा विजेता नव्या विजेत्याला कोट चढवतो. वर्षभर तो घरी नेता येतो, नंतर क्लबमध्येच ठेवावा लागतो. माजी विजेत्यांच्या मेजवानीची प्रथा बेन होगनने १९५२ मध्ये पाडली. तिचे पदार्थ गतविजेता ठरवतो आणि बिलही तोच भरतो. टायगर वूड्सने १९९८ मध्ये चक्क चीजबर्गर आणि मिल्कशेक ठेवले होते!

प्रत्यक्ष पाहायला जायचे तर?

आदल्या वर्षी अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करायचा आणि सोडतीत नाव निघण्याची वाट पाहायची. तिकिटांच्या पुनर्विक्रीला क्लबची मान्यता नाही. त्यामुळे दलालाकडून चढ्या भावाने तिकीट घेतले, तरी प्रवेश नाकारला जाण्याचा धोका असतो. आत मोबाइलला पूर्ण बंदी. कॅमेरा फक्त सरावाच्या दिवशी चालतो. घरी बोलायचे तर मैदानावरचे मोफत फोन वापरायचे. गुण मोठ्या फलकांवर हाताने लावले जातात. धावायला मनाई आहे. घडीची खुर्ची एकदा मांडली की मालक फिरायला गेला तरी जागा त्याचीच. तो येईपर्यंत दुसरा बसू शकतो, आला की उठायचे. पिमेंटो चीज सँडविच गेली अनेक वर्षे अवघ्या दीड डॉलरला मिळते.

मग खटकणारे काय?

याच मैदानावर कृष्णवर्णीयांचे स्थान दीर्घकाळ कॅडीचे, म्हणजे खेळाडूंची बॅग वाहणाऱ्याचे होते. १९८३ पर्यंत खेळाडूंना क्लबचेच कॅडी घ्यावे लागत आणि ते कृष्णवर्णीय असत. ली एल्डर या स्पर्धेत खेळणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला, तो १९७५ मध्ये. क्लबला पहिला कृष्णवर्णीय सदस्य मिळाला १९९० मध्ये, तर महिलांना सदस्यत्व २०१२ मध्ये. कॉन्डोलिझा राइस आणि डार्ला मूर या त्या पहिल्या दोघी. एल्डर यांना मानाचा प्रारंभक म्हणून बोलावले गेले २०२१ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. भारताकडून पहिल्यांदा येथे खेळला जीव मिल्खा सिंग, २००७ मध्ये.

बोध काय?

ऑगस्टाने बंद दारे उघडली, म्हणून हिरव्या कोटाची शान कमी झाली नाही, वाढलीच. फोनबंदी किंवा रिकाम्या खुर्चीचा मान या प्रथा आत आलेल्या प्रत्येकाला सारख्याच लागू होतात, म्हणून त्या टिकाव्यात. माणसाला दाराबाहेर ठेवणारी प्रथा मात्र कितीही जुनी असली, तरी तिला परंपरेचा मान देऊ नये. दीड डॉलरचे सँडविच सर्वांना परवडते. त्या मैदानात शिरण्याचा हक्क सर्वांना मिळायला मात्र कित्येक दशके लागली.