टायफॉइड : नोंद घटली म्हणजे आजार घटला?



‘टायफॉइड आता हद्दपार’ हे गेल्या रविवारचे पत्र वाचले. नोंदी घटल्या म्हणून आजार घटला, हा पत्रलेखकाचा निष्कर्ष पटत नाही. मी तीस वर्षे प्रयोगशाळेत रक्त तपासले. रुग्ण यायचा तोच चार दिवस प्रतिजैविके घेऊन. मग कल्चरच्या बाटलीत जंतू वाढणार कुठून? एरवीही कल्चरमध्ये दहापैकी जेमतेम सहाच रुग्ण सापडतात. विडाल चाचणी तर भलत्याच तापालाही टायफॉइड ठरवते.

म्हणून खरा आकडा हवा तर वस्तीतल्या मुलांवर सतत लक्ष ठेवून ताप शोधावा लागतो. 2017 ते 2020 मध्ये आपल्याकडे असा अभ्यास झाला. दर लाख मुलांमागे वर्षाला शहरी वस्त्यांत 576 ते 1,173 रुग्ण आढळले, पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात अवघे 35. एकाच देशात एवढी तफावत! आणि आजार हद्दपार तर नाहीच : जागतिक आरोग्य संघटनेचा 2019 सालचा जगभराचा अंदाज 90 लाख रुग्ण आणि 1 लाख 10 हजार मृत्यूंचा आहे.

लस आणि शुद्ध पाणी आधी कुठे पोहोचवायचे, हे वस्तीतल्या अशा मोजणीवरच ठरते. ती थांबली तर मुलांच्या जिवावर बेतेल.

– एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सातारा