आजार कोणाचा, निर्णय कोणाचा?

आपल्याकडील जुन्या घरांतून आजारांचे दोन वर्ग मानलेले असतात. पहिल्या वर्गातले आजार चारचौघांत सांगण्याचे. लग्नाच्या पंक्तीत शेजारी बसलेले गृहस्थ "आमची साखर काल दोनशेदहा निघाली" असे सांगतात आणि तेवढ्यात श्रीखंडाची वाटीही पुढे करतात. रक्तदाब, सांधेदुखी, मोतीबिंदू हेही याच वर्गातले. दुसऱ्या वर्गातल्या आजाराचे मात्र नावदेखील घ्यावयाचे नसते. डॉक्टर थोरल्या मुलाला व्हरांड्यात बोलावतात, तो धाकट्या भावाला सांगतो, सुनांना आपोआप कळते, शेजारच्या वहिनींनाही कळते. कळत नाही ते फक्त ज्याला आजार झाला आहे त्याला.

माझ्या एका काकांच्या बाबतीत आम्ही हेच केले. "पोटात जखम आहे, औषधाने भरेल," असे म्हणत चार महिने काढले. काका शाळामास्तर. रिपोर्ट इंग्रजीत होता आणि इंग्रजी त्यांना आम्हां सर्वांपेक्षा चांगले येत होते. त्यांनी तो केव्हाच वाचला होता, हे आम्हांला ते गेल्यावर त्यांच्या वहीवरून समजले. म्हणजे आम्ही त्यांच्यासाठी नाटक करीत होतो आणि ते आमच्यासाठी. हे सारे प्रेमापोटी झाले यात शंका नाही. परंतु काकूंच्या पुढच्या व्यवस्थेबद्दल, आणि शेवटचे दिवस दवाखान्यात काढायचे की दांडिया बाजारातल्या आपल्या खोलीत याबद्दल, त्यांना जे बोलायचे असेल ते राहूनच गेले.

कायद्याचे म्हणणे याबाबत आपल्या रीतीहून वेगळे आहे. भुलीखाली असलेल्या एका सज्ञान स्त्रीच्या आईची संमती घेऊन डॉक्टरांनी तिचे गर्भाशय काढले, तेव्हा २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, जिवाला तातडीचा धोका नसताना आईची संमती ही मुलीची संमती होऊ शकत नाही. मग थोरल्या मुलाची तरी वडिलांची कशी व्हावी?

आणि रुग्ण बोलूच शकत नसेल तर? जुलै २०२१ मध्ये आपल्या बडोद्यातच हा प्रश्न उभा राहिला. कोविडने अत्यवस्थ होऊन यंत्रांच्या आधारावर असलेल्या एका तरुणाच्या पत्नीने, पुढे आपल्याला त्याचे मूल व्हावे म्हणून त्याचे वीर्य काढून जतन करावे, अशी इच्छा व्यक्त केली. रुग्णाची संमती मिळण्यासारखी नव्हती, म्हणून प्रकरण गुजरात उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तातडीने अंतरिम परवानगी दिली आणि दोन दिवसांतच तो तरुण वारला. त्या पत्नीला दोष द्यावा असे माझ्या मनातही येत नाही. पण एवढ्या धावपळीत ज्याला काही विचारता येत नव्हते असा माणूस एकच होता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग १९७३ साली झालेल्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या दयामरणासाठी अर्ज करणारी लेखिका आणि त्याला विरोध करणाऱ्या, त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिका, दोघींचीही कळकळ खरी होती. २०११ मध्ये अर्ज फेटाळला गेला. अरुणाबाईंना काय हवे होते हे मात्र कोणालाच सांगता येण्याजोगे नव्हते.

तिशीतल्या तरुणाने किंवा पंचविशीतल्या परिचारिकेने असला विचार आधी का केला नाही, असे कोणी म्हणणार नाही. सत्तरी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांना ती सबब नाही. यंत्रावर निष्फळ जगवत ठेवू नये, अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे, ती अट २०२३ मध्ये गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. रावपुऱ्यातल्या दोन खोल्यांसाठी आपण वकील घरी बोलावतो आणि त्यात कोणाला अभद्र वाटत नाही. हाच कागद तेवढा अभद्र कसा?

एक शंका मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अतिदक्षता विभागाचे बिल रोज वाढत असते, आणि असल्या कागदाचा आधार घेऊन म्हाताऱ्यांना लवकर निरोप देणारी मुलेही निघतील. म्हणूनच न्यायालयाने डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती आवश्यक ठेवली आहे. शिवाय एखाद्याला आपल्या दुखण्याचे काही ऐकायचेच नसेल, तर तोही त्याचाच हक्क. पण "किती सांगू?" एवढे तरी त्याला विचारावे.

परवा मी भीतभीतच थोरल्या बहिणीजवळ विषय काढला. तिला एक्याऐंशी वर्षे झाली आहेत. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "नळ्याबिळ्या नकोत, लिहून घे. पण आधी डाव्या डोळ्याचे ऑपरेशन करून टाका. तुम्ही काय लिहिलंत ते मला वाचता आलं पाहिजे."