पावसाचं पाणी बघणारा माणूस पाहिजे

कारखान्याचं प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यापुढं रात्री गुपचूप काळं पाणी सोडणारा पाईप येतो. पण पाईप नसतानाही कारखान्यातून घाण बाहेर पडते. उघड्यावर टाकलेलं भंगार, फाउंड्रीची जळकी वाळू, शेडबाहेर सांडलेलं ऑइल, साखर कारखान्याच्या आवारातली मळी आणि राख हे सगळं कोरड्या महिन्यांत साठत राहतं. पहिला जोराचा वळीव आला की गटारात, तिथून ओढ्यात, ओढ्यातून कृष्णेत.

आणि वेळ बघा. ऑगस्टमध्ये नदी दुथडी असते, घाण पातळ होऊन जाते. वळीव येतो एप्रिल-मेमध्ये. तेव्हा सांगलीजवळची कृष्णा बहुतांशी कोयनेतून सोडलेल्या पाण्यावर वाहत असते. नेमकी तेव्हाच ही घाण उतरते, आणि त्याच नदीचं पाणी उचलून सांगलीकरांच्या नळाला येतं. म्हणजे सातारा, कऱ्हाडच्या आवारातलं गटार सांगलीच्या घागरीशी जोडलेलंच आहे.

मी दोन्ही जिल्ह्यांतल्या एमआयडीसीत सेफ्टी आणि पर्यावरणाचं काम केलंय. सांडपाण्याचं रजिस्टर रोज भरलं जातं, ईटीपीला रंग मारला जातो. पावसाच्या गटाराकडं मात्र कुणी फिरकत नाही. एका ठिकाणी मी पहिल्या पावसाचा नमुना घेऊया म्हटलं, तर उत्तर मिळालं, "ढगातनं पडलेल्या पाण्याचा कसला नमुना?"

अमेरिकेनं 1987 सालीच कायद्यात दुरुस्ती करून कारखान्याच्या आवारातून वाहणारं पावसाचं पाणी परवान्याखाली आणलं. तिथल्या केंद्रीय परवान्यात साधी गोष्ट आहे: तिमाहीत एकदा, पाणी वाहायला लागल्यावर शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात, स्वच्छ पारदर्शक बाटलीत नमुना घ्यायचा. रंग, वास, फेस, तेलाचा तवंग बघायचा आणि लिहून ठेवायचं. कॅलिफोर्नियात तर 2015 पासून नमुने ठरलेल्या पातळीबाहेर गेले की यासाठी खास प्रशिक्षण घेतलेला माणूस आणावाच लागतो.

आपल्याकडं जल कायदा 1974 चा आहे. पावसाची गटारं वेगळी ठेवा, अशी अट बऱ्याच संमतीपत्रांत असते. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रानं पर्यावरण लेखापरीक्षणाचे नियम काढले, त्यात नोंदणीकृत लेखापरीक्षक येणार आहेत. चांगलंच आहे. पण लेखापरीक्षक ठरवून, गाडी करून येणार. वळीव सांगून येत नाही. त्या अर्ध्या तासात बाटली घेऊन उभा राहणारा माणूस इथलाच पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी आणि सांगलीचं वालचंद यांनी प्रदूषण नियंत्रण मंडळाबरोबर बसून छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम काढावा. गटाराचा नकाशा काढणं, राशी झाकणं, ऑइल अडवणं, नमुना घेणं. परीक्षा आवारातच व्हावी, भर पावसात. बीएस्सी, डिप्लोमा झालेली आपली पोरं पुण्याला जाऊन आठ-दहा हजारांवर राबतात, त्यांना गावाजवळ काम मिळेल.

"आणखी एक सर्टिफिकेट, आणखी एक खर्च," असं छोटे उद्योजक म्हणतील. त्यांचं चुकत नाही. दहा माणसांच्या वर्कशॉपला स्वतंत्र माणूस परवडणार नाही. पण गटार तर सगळ्यांचं एकच आहे. पंधरा-वीस युनिट मिळून एक माणूस ठेवा, पगार औद्योगिक संघटनेमार्फत द्या. एकाच मालकाच्या हातात त्याची नोकरी नसली, की तो खरं लिहील.

मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. मग नमुने घेतले, नोटिसा निघाल्या. ते पावसाचं पाणी नव्हतं, पण धडा तोच आहे. नमुना मासे मेल्यावर घ्यायचा नसतो.

पुढच्या वळवाच्या आत आपापल्या एमआयडीसीतलं गटार कुठं उतरतंय, एवढं तरी जाऊन बघा. आणि कमेंटमध्ये लिहा.