ट्रक कुठवर येतो?

दोस्तांनो, भूकंप झाला, पूर आला की पांढरपेशा विद्वानांना एकच खाज सुटते. मदतीची साखळी सुधारा! गोदामं बांधा, ट्रक वाढवा, हेलिकॉप्टर उडवा. ठीकाय, उडवा. पण ट्रक गावकुसाशी येऊन थांबतो त्याचं काय? तिथून आमच्या वस्तीपर्यंतचं अंतर कुठला नकाशा दाखवणार?

२६ डिसेंबर २००४. त्सुनामी आली. तमिळनाडूत सगळ्यात जास्त माणसं नागपट्टिनम जिल्ह्यात मेली. माल कमी आला नव्हता. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला सडत पडले. तरी कित्येक दलित वस्त्यांत मदत पोचली नाही. का? यादी! नुकसान मोजलं होड्या न् जाळ्यांत, आणि गावोगाव वाटप गेलं मच्छीमारांच्या जातपंचायतींच्या हातात. मच्छीमारही उद्ध्वस्तच होते, त्यांचं दुःख खोटं नाही. पण ज्याच्याकडं होडी नाही, नुसते दोन हात, त्या शेतमजुराचं काय बुडालं? खारं पाणी शिरून शेत गेलं, ते मालकाचं. भरपाई मालकाला. मजुरी गेली ती कुठल्याच रकान्यात बसेना. काही छावण्यांत तर पाण्याच्या टाकीलाही आमचा विटाळ!

प्रेतं उचलायला मात्र साखळी फटक्यात जुळली. दुसऱ्या नगरपालिकांतून सफाई कामगार आणले. त्यांची जात विचारायला पाहिजे का?

लांब कशाला, आपली किल्लारी घ्या. ३० सप्टेंबर १९९३. हलवलेल्या गावांत सरकारनं घरं दिली ती जमिनीच्या हिशेबानं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाला, २५० चौरस फूट. सात हेक्टरांच्या वरचा, ७५० चौरस फूट. च्यायला, भिंत छाताडावर पडताना सातबारा मागितला होता का?

२००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे. कलम ६१ म्हणतं, मदत देताना जातीवरून भेदभाव करायचा नाही. छान. पण वाटपाच्या टेबलामागं बसलेला माणूस तोच, त्याचं गाव तेच.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. ट्रक आधी वस्तीत रिकामा करा, मग गावात न्या. यादी चावडीत बसून लिहू नका, वस्तीत उभं राहून मोठ्यानं वाचा. बुडालेली मजुरी नुकसानीत धरा. वाटपाच्या कमिटीत आमच्या बाया बसवा.

आणि पोरांनो, तुम्ही शहरात राहता, पण गाव सुटलंय का कुणाचं? पावसाळ्याआधी एकदा जा. वस्तीची यादी आपणच करा. घरं, माणसं, रेशनकार्डं, म्हातारे, पोटुशा बाया, कोण कुणाच्या शेतात राबतं ते. एक प्रत तहसीलदाराच्या टेबलावर ठेवा, पोच घ्या. दुसरी आपल्याकडं.