सव्वीस आठवड्यांनंतर बाळ कुठे राहणार?

सहाव्या महिन्यात बाळाच्या आयुष्यात दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडतात. आईच्या दुधाच्या जोडीला वरचा आहार सुरू होतो आणि नोकरदार आईची पगारी रजा संपते. पहिली गोष्ट शरीराच्या गरजेतून येते, दुसरी कायद्यातून. वाटी-चमचा घेऊन बाळापाशी निवांत बसणारे माणूस हवे असते, नेमके त्याच आठवड्यात घरातले ते माणूस कामावर रुजू होते. घरात आजी-आजोबा असतील आणि त्यांची तब्येत साथ देत असेल, तर निभावून जाते. नसतील तर पाळणाघराचा शोध सुरू होतो किंवा राजीनामा लिहिला जातो.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हीच मुदत कायम ठेवली आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. डॉक्टरांनी शेवटचे दोन महिने विश्रांती सांगितली, तर बाळंतपणानंतर हाती १८ आठवडे, म्हणजे सुमारे चार महिने उरतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र पहिले सहा महिने निव्वळ स्तनपानाचा आहे.

दुसऱ्या टोकाला अंगणवाडीतले पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून सुरू होते. मधली अडीच वर्षे मूल सरकारी नोंदवहीत असते. त्याचे वजन होते, लसीकरण होते, घरपोच आहाराचे पाकीटही मिळते. पण ते मूल दिवसभर अंगणवाडीत बसत नाही. पाकीट घरी पोचते, ते शिजवून भरवणारे कोणी घरी आहे का, याची नोंद मात्र कुठेच होत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने हीच अडीच वर्षे सर्वांत नाजूक असतात. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांत मेंदूची आणि शरीराची वाढ सर्वाधिक वेगाने होते. उंची खुंटण्याचे बहुतेक नुकसानही याच काळात होते आणि पुढे ते भरून काढणे फार अवघड जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५ टक्के बालके वयाच्या मानाने बुटकी आढळली. देशात ६ ते २३ महिने वयोगटातील जेमतेम ११ टक्के बालकांना पुरेसा आहार मिळत होता. याचे कारण फक्त गरिबी नाही. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीनदा आणि त्यानंतर तीन-चारदा मऊ अन्न द्यावे लागते, कारण त्याचे पोट लहान असते. घरात डाळ-तांदूळ असूनही भरवणारा हात नसेल, तर बाळ उपाशी राहते.

नियम आहेत, पण कोणासाठी?

देशात नियमांच्या चौकटीतील पाळणाघरे ढोबळमानाने तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार कामाच्या ठिकाणचा. ज्या आस्थापनेत ५० किंवा अधिक कर्मचारी आहेत, तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा आहे. ही संख्या स्त्री-पुरुष मिळून मोजली जाते, हे महत्त्वाचे. १९४८ च्या कारखाना कायद्यात ३० पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तरच पाळणाघर लागत असे. स्त्रिया कमी ठेवल्या की खर्च टळतो, असा उलटाच धडा त्यातून मालकाला मिळत होता. नव्या संहितेत काही आस्थापनांनी एकत्र येऊन सामाईक पाळणाघर चालवण्याची किंवा नगरपालिका, स्वयंसेवी संस्था यांची सोय वापरण्याचीही वाट ठेवली आहे. औद्योगिक वसाहतींतील लहान-मोठ्या कारखान्यांना ती उपयोगी पडू शकते.

दुसरा प्रकार सरकारी. केंद्राच्या ‘मिशन शक्ती’खाली २०२२ पासून जुन्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेला ‘पाळणा’ हे नाव मिळाले. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे, सहा महिने ते सहा वर्षांची २५ पर्यंत मुले महिन्यातले २६ दिवस रोज साडेसात तास सांभाळायची, असे तिचे स्वरूप आहे. देशात अशी १७ हजार केंद्रे उभारण्याचे उद्दिष्ट ठरले. देशातील अंगणवाड्या सुमारे १४ लाख आहेत, म्हणजे उद्दिष्ट पूर्ण झाले तरी शंभरातील एखाद-दुसऱ्या अंगणवाडीत ही सोय असेल. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यासाठी ३४५ केंद्रे ठरली. राज्यातील अंगणवाड्यांची संख्या एक लाखाच्या पुढे आहे.

तिसरा प्रकार कामाच्या जागेवरचा तात्पुरता. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा जास्त मुले असतील, तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद होती. मोठ्या बांधकामांसाठीही १९९६ च्या कायद्याने पाळणाघराची अट घातली. मुंबईत बांधकामांच्या जागी मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघरे चालवण्याचे काम स्वयंसेवी संस्थेने १९७२ पासूनच सुरू केले होते. कायदा नंतर आला.

शहरी मध्यमवर्ग ज्यावर अवलंबून आहे, ती सोसायटीच्या तळमजल्यावरची किंवा एखाद्या काकूंच्या घरातली खासगी पाळणाघरे या तिन्हींत कुठेच बसत नाहीत. उपाहारगृहाला अन्न परवाना लागतो. बाळाला दिवसभर सांभाळून जेवू-खाऊ घालणाऱ्या जागेसाठी मात्र देशभर लागू असा स्वतंत्र परवाना कायदा नाही. २०१६ मध्ये नवी मुंबईत खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली आणि काही दिवस राज्य हादरले. या पाळणाघरांवर देखरेख कोणाची, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने विचारला गेला.

दहा बाळे, एक ताई

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये मातृत्व लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी किमान निकष काढले. जागा शक्यतो कामाच्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत असावी, प्रत्येक बाळामागे १० ते १२ चौरस फूट मिळावेत, हवा खेळती असावी, जवळपास उघडी गटारे किंवा खड्डे नसावेत. मुले आत असताना प्लंबर, वायरमन यांना प्रवेश नसावा. पालकांचा सहभाग असलेली देखरेख समिती असावी. तीन वर्षांखालील दर दहा मुलांमागे आणि तीन वर्षांवरील दर वीस मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि जोडीला मदतनीस असावी.

यातला दहाचा आकडा तपासून पाहण्यासारखा आहे. एका बाळाला नीट भरवायला पंधरा मिनिटे धरली, तर दहा बाळांची एक फेरी अडीच तासांची होते. दिवसातून तीन फेऱ्या म्हणजे साडेसात तास. ‘पाळणा’ केंद्राचा पूर्ण दिवस यातच संपला. दोन-अडीच वर्षांची मुले हाताने खाऊ लागतात आणि मदतनीसही असते, हे खरे. पण लंगोट बदलणे, झोपवणे, रडणाऱ्याला उचलून घेणे या हिशेबात आलेलेच नाही. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालील तीन बाळांमागे एक मोठे माणूस लागते.

हे केवळ सोयीचे गणित नाही. बाळ आवाज करते, कोणीतरी वळून बघते, हसते, बोलते. या देवाणघेवाणीतून भाषा आणि सुरक्षिततेची भावना घडते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या बालसंगोपनाच्या आराखड्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी यांच्या बरोबरीने बाळाच्या हाकेला मिळणाऱ्या प्रतिसादाला स्थान आहे. अमेरिकेत १९९१ पासून हजाराहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेणाऱ्या अभ्यासात दिसले, की पाळणाघरात राहण्याने मुलांचे आपोआप भले किंवा वाईट होत नाही. सांभाळण्याचा दर्जा चांगला असेल, तर भाषा आणि आकलन थोडे पुढे असते. घरातल्या वातावरणाचा प्रभाव मात्र त्याहूनही मोठा असतो. नोकरी करणाऱ्या आईच्या मनातला अपराधभाव त्यामुळे थोडा हलका व्हायला हरकत नाही.

दर्जा टिकतो तो माणसांमुळे, आणि ती टिकतात मोबदल्यामुळे. ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडलेल्या केंद्रातील सेविकेचे मानधन महिना ५,५०० रुपये आणि मदतनीसाचे ३,००० रुपये आहे. २६ दिवसांनी भागले तर सेविकेला रोजचे सुमारे २११ आणि मदतनीसाला ११५ रुपये पडतात. एवढ्यावर प्रशिक्षित बाई वर्षानुवर्षे टिकेल, ही अपेक्षा धरता येत नाही. आणि सांभाळणारे माणूस वारंवार बदलणे हे बाळासाठी त्रासाचे असते.

मदत जन्माला, मग थेट शाळेला

पालकांना मिळणाऱ्या पैशाचेही असेच आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ ने गर्भवती आणि स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० आणि दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये मिळतात. महाराष्ट्राच्या ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबातील मुलीला जन्मानंतर ५,००० रुपये मिळतात आणि पुढचा ६,००० रुपयांचा हप्ता पहिलीत गेल्यावर. मधल्या काळात सांभाळण्याचा खर्च सर्वाधिक असतो, नेमका तेव्हाच हप्ता नाही. जुन्या करप्रणालीत बालवाडीच्या शिक्षणशुल्कावर वजावट मिळते, पाळणाघराच्या शुल्काचा त्यात उल्लेख नाही. नव्या करप्रणालीत तर तीही वजावट नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून पात्र नोकरदार पालकांच्या मुलांसाठी नवव्या महिन्यापासून आठवड्याला ३० तासांचा खर्च, वर्षातले ३८ आठवडे, सरकार उचलते.

भारतात रजा आणि पाळणाघर या दोन्हींचा भार मुख्यतः मालकावर आहे. राज्य कामगार विम्याच्या कक्षेतील, म्हणजे २१ हजार रुपयांपर्यंत मासिक वेतन असलेल्या स्त्रियांना रजेचे पैसे विमा निधीतून मिळतात, बाकीच्यांना मालकाकडून. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण ठरावानुसार हा खर्च सामाजिक विमा किंवा सरकारी निधीतून व्हावा, एकट्या मालकावर पडू नये. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. परिणामी, तरुण विवाहित स्त्रीला नोकरीवर घेताना मालक मनातल्या मनात खर्च मोजतो आणि कायद्याचा लाभ तिच्याच विरोधात जातो. शिवाय सवलत आईच्या नावावर असल्याने वडिलांची जबाबदारी कागदावरही येत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांच्या देखभालीत वेळ देत असल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण २१ टक्के होते.

पालकांनी काय पाहावे

परवान्याची व्यवस्था नाही, तोवर तपासणी पालकांनाच करावी लागते. न सांगता जाऊन पाहू देतात का, हा पहिला प्रश्न. सांभाळणाऱ्या किती, मुले किती आणि त्यातली दीड वर्षाखालची किती, हे मोजावे. लंगोट बदलल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुतले जातात का, ताप-जुलाब असलेल्या मुलाला घरी ठेवायला सांगतात का, हे विचारावे. वर्षाखालचे बाळ उताणेच झोपवले पाहिजे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षे लहानांच्या हाती पडता कामा नयेत. काढून ठेवलेले आईचे दूध खोलीच्या तापमानाला चार तासांपेक्षा जास्त ठेवू नये, त्यामुळे तिथे चालू फ्रिज हवा. भरलेल्या बादल्या, उघडे जिने, गॅसची जागा हे पाहूनच पैसे भरावेत. सुरुवातीला सर्दी-खोकला वारंवार होतो. त्याने घाबरून जाऊ नये, पण लसीकरण वेळच्या वेळी पूर्ण असावे.

सरकारच्या हातात असलेल्या गोष्टीही फार गुंतागुंतीच्या नाहीत. खासगी पाळणाघरांची सक्तीची नोंदणी आणि वर्षातून एक तपासणी, सेविकांना किमान वेतनाइतका मोबदला आणि अंगणवाडीची वेळ आईच्या कामाच्या वेळेशी जुळवणे, एवढ्यानेही बराच फरक पडेल. छत्तीसगडच्या आदिवासी भागात ‘फुलवारी’ नावाने मातांच्या गटांनी चालवलेल्या केंद्रांनी दाखवले, की सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी गावातच, गरम जेवणासह अशी सोय उभी राहू शकते.

महाराष्ट्रात त्याची सर्वांत निकड ऊसतोडणीच्या पट्ट्यात आहे. शाळकरी मुलांनी गावातच राहावे म्हणून वसतिगृहांची योजना आली. वर्षाच्या बाळाला वसतिगृहात ठेवता येत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की ते आईबरोबर फडावर जाते आणि आई मोळ्या बांधत असताना झोळीत किंवा बांधावर पडून राहते. त्याच्या वाट्याचा घरपोच आहार गावातल्या अंगणवाडीत असतो, आणि बाळ शेकडो किलोमीटर दूर.